सात नंबरची परतीची फेरी

सात नंबरच्या बसला एक खोड आहे, असं त्या मार्गावरचे नेहमीचे प्रवासी सांगतात. खरं म्हणजे खोड बसला नाही, कंडक्टरबाईंना आहे. थांब्यावरची सगळी माणसं चढतात, ड्रायव्हर गिअर टाकून तयार असतो, आणि बाईंचा हात घंटीच्या दोरीवर नुसता ठेवलेला. दोन घंट्या दिल्याशिवाय बस हलायची नाही हा डेपोचा नियम. मागच्या पायरीवर उतरून रस्त्याकडे एकदा नीट बघितल्याशिवाय घंटी द्यायची नाही हा बाईंचा स्वतःचा. लांब कोपऱ्यावर कुणी रुमाल जरी हलवला तरी बस थांबलीच म्हणून समजा. मग कळायचं, की तो गृहस्थ समोरच्या गॅलरीतल्या बायकोला टाटा करत होता.

"बाई, आता कुणाची वाट बघताय? सगळा गाव आत आलाय!" आतून कुणीतरी ओरडायचं.

"मागच्या आठवड्यात एवढी मोठी सुटकेस घेऊन धापा टाकत पळत आलास, तेव्हा कुणाची वाट बघत होते रे मी?" बाई विचारायच्या, आणि ओरडणारा खिडकीबाहेर बघायला लागायचा.

बरोबरच्या ड्रायव्हरमामांनी तर हात टेकले होते. "तुमच्या मागे बघण्यापायी एक दिवस माझी बस पुढे बघायची विसरेल," असं ते म्हणायचे. पण वरिष्ठांकडे तक्रार त्यांनी कधी केली नाही. उलट कुणी नवा ड्रायव्हर बाईंवर वैतागला, तर तेच त्याला चहा पाजून समजावायचे, की बाबा, ही बाई अशीच आहे, तू आपला आरशात भांग बघून घे तोवर.

ही खोड कुठून आली, ते कुणाला माहीत नव्हतं. बाईंच्या मते जगात फक्त दोघांना माहीत होतं, एक त्या स्वतः आणि दुसरे त्यांचे यजमान. यजमान पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्यांना सगळे पेंटर म्हणत, घरातसुद्धा. आणि पेंटरांनी तर शपथ घेतली होती, की मेलो तरी सांगणार नाही.

त्या संध्याकाळी बाई ड्यूटीवरून येऊन बादलीतल्या गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. दिवसभर हलत्या बसमध्ये उभं राहणाऱ्या माणसाचं हे खरं सुख. डोळे मिटत आले होते, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दार असं उघडणारी घरात एकच, ती म्हणजे भिंगरी, बाईंची मुलगी. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. चालायला शिकली तेव्हापासून एका जागी उभी राहिली नाही, म्हणून पडलेलं. आता ती तरण तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. पाण्यातल्या पन्नास पोरांना ऐकू जावा असा आवाज कमावलेला, तोच घरात वापरायची.

"आई! कानवाल्या डॉक्टरांचा फोन होता!"

पाण्यातले पाय ताठ झाले. पाणी जमिनीवर सांडलं.

"का गं? काय झालं? तपासणीत काही..."

"काही नाही गं. मी ठणठणीत आहे. त्यांच्या वॉर्डातली जुनी मुलं आहेत ना, म्हणजे आम्ही, त्या सगळ्यांना बोलावलंय. आईबापांसकट. नव्या डॉक्टरांना शिकवायचंय म्हणे. ज्या दिवशी आजार कळला तो दिवस कसा होता, ते प्रत्येक घरानं सांगायचं, आणि डॉक्टरांना काय आठवतं ते डॉक्टर सांगणार. ते म्हणाले, दोन्ही कधी जुळत नाही, आणि कुठे जुळत नाही तेच शिकण्यासारखं असतं. आणि आपल्याला अगदी पहिल्या रांगेत बसवणार आहेत!"

"मला ड्यूटी आहे," बाई म्हणाल्या.

"अगं, तारीख कुठे सांगितलीय मी अजून?"

बाईंनी टॉवेल घेतला आणि पाय पुसायला लागल्या. पुसून झालेले पाय त्या पुन्हा पुसत राहिल्या.

जेवायला बसल्यावर तर या गोष्टीला ऊतच आला. पेंटरांच्या आई, म्हणजे घरातल्या आजी, ऐंशी ओलांडलेल्या. कानांनी थोड्या कमी आणि जिभेनं दुप्पट. त्यांनी सुरुवात केली, की पोरीच्या नडगीवरचे निळे डाग सगळ्यांत आधी मीच बघितले, पण या घरात माझं ऐकतो कोण. पेंटर म्हणाले, की डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी ताठ बसून एकच प्रश्न विचारला, "पुढचा इलाज काय?" त्या क्षणी कुणीतरी डोकं शांत ठेवायला हवं होतं, असंही म्हणाले.

एवढं काही बाईंना गिळवेना. "इलाज? तुम्ही विचारलंत, ही दारावरची पाटी कोणी रंगवली!"

"काहीतरीच! मी असं कशाला विचारीन?"

"वाकडी होती म्हणून!"

"वाकडी होती हे खरं आहे," पेंटर म्हणाले. "पण मी विचारलं नाही."

भिंगरी हसून हसून पाण्याचा घोट नाकात घालवून बसली. तिचं हसणं बघत बाई ताटातला भात नुसता चिवडत राहिल्या. या पोरीला कळलं तर? ज्या दिवशी तिला आईची सगळ्यांत जास्त गरज होती, त्या दिवशी आपण काय केलं ते डॉक्टरांनी भर सभेत सांगितलं तर? ते पहिल्या रांगेत बसून ऐकायचं, आणि मग तिच्याकडे बघायचं कसं?

झालं होतं ते असं.

भिंगरी पाच वर्षांची. ताप येई, जाई, परत येई. खेळता खेळता पाय दुखतात म्हणून मटकन खाली बसायची. गल्लीतल्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि चेहरा पाडून मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कमरेच्या हाडात सुई घालून तपासणी झाली. निकालाच्या दिवशी पेंटर तिला स्कूटरवर घेऊन आले आणि बाई अर्धी ड्यूटी टाकून, गणवेशातच, खांद्यावर चिल्लरची चामडी पिशवी तशीच ठेवून बसनं पोचल्या.

डॉक्टर अगदी पोरगेलासा. दोन्ही कान असे बाहेर आलेले, की भिंगरीनं पहिल्याच भेटीत त्यांचं बारसं करून टाकलं होतं. त्यांनी तिला आपल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं, हातात एक बिस्किट दिलं आणि आईबापांना शेजारच्या खोलीत नेलं. शेजारची खोली म्हणजे कोठार. सलाइनची खोकी छतापर्यंत रचलेली. मुलीसमोर बोलायचं नाही, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी सांगितलं, की रक्ताचा कर्करोग आहे. हळू सांगितलं, दोनदा सांगितलं, उपचार आहेत हेही सांगितलं. बाईंच्या समोर एक खोकं होतं, त्यावर बाण काढलेला, आणि खोकं उलटं ठेवलेलं, म्हणून बाण जमिनीकडे. बाई त्या बाणाकडे बघत होत्या. हे खोकं सरळ का करत नाही कुणी, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आज घरी जा, कपडेलत्ते घ्या, उद्या सकाळी तिला दाखल करू.

दोघं त्या खोलीतून निघाले ते थेट जिन्यानं खाली. पेंटर स्कूटरकडे. बाई औषधांच्या खिडकीवर कागदांवर शिक्का घ्यायला. पेंटरांच्या स्कूटरवर रंगाचे डबे असत, त्या वासानं पोरीला मळमळे, म्हणून परत जाताना ती नेहमी आईबरोबर बसनं जायची. पेंटरांनी तेच धरलं. बाईंच्या डोक्यात मात्र, ती आज स्कूटरवर आलीय, स्कूटरवर जाईल. त्या थांब्यावर उभ्या राहिल्या, बस आली, चढल्या, बसल्या. दोन थांबे गेले. बसमधली कंडक्टर ओळखीचीच होती. तिनं तिकीट नको म्हणून हात हलवला आणि सहज विचारलं, "आज एकट्याच? छोटी कुठाय?"

बाई उठल्या. दुसऱ्याच्या बसमधली घंटी आपण ओढू नये, हे कुठल्याही कंडक्टरला कळतं. त्यांनी ती एवढ्या जोरात ओढली, की दोरी हातात आली. बस थांबायच्या आत उडी मारली आणि मागे धावत सुटल्या. एक चप्पल कुठे गेली ते त्यांना आजही माहीत नाही.

पेंटरांची तऱ्हा याहून भारी. ते घरी पोचले, बघतात तर घरात फक्त त्यांची आई. तिला काही न सांगता तसेच उलटे फिरले आणि स्कूटर अशी पळवली, की पिवळ्या रंगाच्या डब्याचं झाकण उडालं. घरापासून इस्पितळाच्या फाटकापर्यंत रस्त्यावर पिवळी रेघ उमटली. ती कितीतरी दिवस तशीच होती. लोकांना वाटायचं, नगरपालिकेनं काहीतरी नवीन सुरू केलंय.

पोरगी सुखरूप होती. डॉक्टरांच्या खुर्चीत बसून गोल फिरत होती. बाई दारात धापा टाकत उभ्या राहिल्या आणि तोंडातून निघालं, "जरा... जरा बाहेर गेले होते." डॉक्टरांनी मान हलवली. फाटकाशी नवराबायकोची गाठ पडली, दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि तिथल्या तिथे ठरलं, की हे कुणाला सांगायचं नाही. घरी सांगितलं, एक तपासणी राहिली होती म्हणून उशीर झाला. पुढे भिंगरीचे केस गेले, परत आले, वजन गेलं, परत आलं, दोन वर्षांहून जास्त इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या आणि पोरगी खडखडीत बरी झाली. सगळं मागे पडलं. पण त्या दोन थांब्यांचं अंतर बाईंच्या मनात तेवढंच राहिलं. शाळेतून आणताना, बाजारात, समुद्रावर, बाई पोरीचा हात धरून ठेवायच्या. ती मोठी झाली, हात सुटला, तेव्हा ते मागे बघणं सात नंबरच्या बसला लागलं.

बाईंनी सभेच्या दिवसासाठी डेपोत जादा ड्यूटी मागितली. डेपोच्या साहेबांनी चष्मा वर करून बघितलं. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून जादा ड्यूटी मागत होतं. "बाई, तुमच्या सुट्ट्या कुजायला आल्यात. घरी जा," म्हणाले, आणि वर त्या दिवसाची सुट्टीच लिहून टाकली.

तेव्हा जाणं भाग पडलं. आजीही येणार म्हणून हटून बसल्या. पेंटरांनी आदल्या दिवशी बजावलं, "आपण आधी बोलायचं. डॉक्टरांना बोलूच द्यायचं नाही. मी इलाजाचं सांगतो, तू धीराचं सांग, संपलं."

इस्पितळाचा तो दिवाणखान्यासारखा मोठा हॉल माणसांनी भरलेला. एका बाजूला नवे डॉक्टर, कोरे कोट, हातात पेनं. दुसऱ्या बाजूला आईबाप आणि त्यांची आता मोठी झालेली मुलं. कुणी दाढीवाला, कुणी कडेवर स्वतःचं मूल घेतलेली. भिंतीवर पेंटरांनी तेव्हा रंगवलेली बस होती. वॉर्डातली सगळी मुलं तिच्या खिडक्यांत बसलेली. परवानगी त्यांनी रंगवून झाल्यावर मागितली होती, आणि अजूनही दर वर्षी येऊन खिडक्यांना नवा हात मारून जायचे.

आणि काय सांगावं, सभा मोठी मजेची झाली. एक आजोबा म्हणाले, त्या दिवशी डॉक्टर माझ्यावर ओरडले. डॉक्टर म्हणाले, माझा आवाज बसला होता, मी कुजबुजत होतो. एका आईला त्या दिवशीची फक्त नर्सच्या केसांतली क्लिप आठवत होती. नर्स उठून म्हणाली, मी क्लिप कधी लावतच नाही. एका बापाला वाटत होतं आपण रडलो नाही, आणि त्याची तिन्ही मुलं एका सुरात म्हणाली, "बाबा!" नवे डॉक्टर आधी गंभीर होऊन लिहीत होते. थोड्या वेळानं पेनं खाली ठेवून हसायला लागले. बाईसुद्धा हसल्या. पण हसता हसता एक डोळा डॉक्टरांवर होता.

पेंटरांचा बेत फसला. आपली पाळी आल्यावर ते उठायच्या आत कानवाले डॉक्टरच पुढे आले. आता कानांवरचे केस पांढरे झाले होते, कान मात्र तेवढेच.

"यांचं मीच सांगतो," ते म्हणाले. "कारण ही माझी पहिली मुलगी. म्हणजे, ही बातमी मी एकट्यानं सांगितली ती पहिल्यांदा हिच्या आईबापांना. घरी आरशासमोर पाठ करून आलो होतो. कोठारात उभा राहिलो आणि सगळं विसरलो. कसंबसं सांगून झालं, तर हिच्या वडिलांनी मला विचारलं..."

"काय विचारलं?" बाई पटकन बोलून गेल्या.

"ही पाटी कोणी रंगवली."

हॉल हसला. पेंटरांनी बूट बघायला सुरुवात केली.

"तेव्हा मला रागच आला होता," डॉक्टर म्हणाले. "पुढे कळलं. बुडणाऱ्या माणसाच्या हाताला जे लागतं ते तो धरतो. त्यांच्या हाताला पाटी लागली." मग ते बाईंकडे वळले. "तुम्ही मागे एकदा म्हणाला होतात, की मी त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं, पोरगी बरी होईल. बाई, माझी तेवढी छाती नव्हती. मी ते म्हणालोच नाही. मी तोंड धुऊन माझ्या खोलीत आलो, डोळे लाल, तर खुर्चीत ही. मला म्हणाली, तुम्हाला काय झालंय? मला तपासणीच्या पलंगावर आडवं केलं, गुडघ्यावर टिचक्या मारल्या, जीभ बघितली आणि म्हणाली, बरे व्हाल हं, सुई नाही देणार. मग परत खुर्चीत बसून फिरत फिरत तेच म्हणत होती, तेवढ्यात तुम्ही दारात आलात. तुम्ही ऐकलंत ते हिनं मला सांगितलेलं. डोळ्यांच्या विभागात बदली मागायचं मी त्या दुपारी नक्की केलं होतं. अर्ज लिहायलासुद्धा घेतला नाही मग."

बाईंना आता बरं वाटायला लागलं होतं. वाटलं, निभावलं. पण डॉक्टर थांबले नाहीत.

"आणि या माउलीनं मला जे शिकवलं ते मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. एवढी मोठी बातमी ऐकली, तर हिनं काय केलं? मुलीला माझ्याजवळ खेळत ठेवलं, स्वतः लांब जाऊन काय रडायचं ते रडून घेतलं, आणि मग परत आली. मुलीसमोर टिपूस नाही. हा विचार त्या क्षणी ज्या आईला सुचतो..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नव्या डॉक्टरांनी पेनं उचलली आणि भराभरा लिहून घेतलं. बाईंच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. पकडले जाऊ म्हणून एवढी वर्षं भीती वाटली. आणि हे काय? हे तर पकडण्यापेक्षा वाईट. त्यांच्या घोडचुकीचा धडा करून हा माणूस दर वर्षी शिकवत होता. पेंटर दातांतल्या दातांत म्हणाले, "बस गुमान. चांगलंच झालंय."

बाई उभ्या राहिल्या. "डॉक्टर, ते तसं नाहीये..." एवढंच म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी मनात हजार वेळा म्हटलं होतं, ते आता येईना. शेजारी भिंगरी बसलेली. तिच्याकडे बघायचा धीर होईना.

तेव्हा भिंगरीच उठली. माईक तिला लागतच नाही, तरी घेतला.

"डॉक्टर, आई मुद्दाम नव्हती गेली. ती मला विसरून गेली होती."

नव्या डॉक्टरांची पेनं मध्येच थांबली. पहिल्या रांगेतून पेंटरांचा बारीक आवाज आला, "मीपण." आणि मग जे हसू फुटलं, त्यात डॉक्टरांचं सगळ्यांत मोठं.

बाईंनी मान वर केली. "तुला... तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी बघत होते ना!" भिंगरीनं माईक घेऊन जागच्या जागी एक गिरकी घेतली. "ती खुर्ची खिडकीजवळ होती. खिडकीतून थांबा दिसायचा. मी फिरत होते. एका फेरीत आई थांब्यावर उभी. पुढच्या फेरीत बस. त्याच्या पुढच्या फेरीत आई पण नाही, बस पण नाही."

बाईंच्या तोंडून "अगं माझ्या बाई" असं काहीतरी निघालं.

"मग घाबरली नाहीस?" एका नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घाबरायचं कशाला? आईचं कामच ते. रोज सकाळी बसमध्ये चढते, जाते आणि परत येते. मी या डॉक्टरांना सांगितलंसुद्धा, आई फेरीला गेलीय, येईल आता."

"म्हणाली होती!" डॉक्टर ओरडले. "अरे, खरंच म्हणाली होती! मला वाटलं, खेळातलं काहीतरी आहे."

"आणि आली. आधी आवाज आला. चिल्लरच्या पिशवीचा, खळखळ खळखळ, रस्त्यावरून. मी पाय टेकून खुर्ची थांबवली. बघते तर भर रस्त्याच्या मधून आई पळत येतेय. गणवेशात, एकाच पायात चप्पल, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत, आणि ती बघतच नाहीये कुठे." भिंगरीचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "मला त्या आजारातलं बाकी फार आठवत नाही. सुया थोड्या आठवतात. पण वॉर्डात जेव्हा जेव्हा जाग यायची आणि आई दिसायची नाही ना, तेव्हा मी कधी रडले नाही. नर्सला विचारा. मला माहीत असायचं, फेरीला गेलीय. जेवढी लांब गेली असेल, तेवढी पळत येणार."

बाई मटकन खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. एवढी वर्षं त्या दोन थांब्यांपैकी त्यांना फक्त जाणं आठवत होतं. पोरीनं त्यातलं परत येणं तेवढं जपून ठेवलं होतं. त्यांना एवढा आनंद झाला, की काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पेंटरांना कोपरानं जोरात ढोसलं.

"मला का?" पेंटर कळवळले.

मागून आजींचा आवाज आला. "मला तर त्याच दिवशी कळलं होतं. सून एका चपलेनं घरी आली, स्कूटरवरून पिवळा रंग गळतोय, आणि म्हणे तपासणी राहिली होती. मी काय आंधळी आहे?"

"अहो आई, मग बोलला का नाहीत कधी?"

"या घरात माझं ऐकतो कोण?" आजी म्हणाल्या आणि समोरच्या बशीतलं बिस्किट उचललं.

नव्या डॉक्टरांपैकी एकानं वहीतलं आधीचं खोडलं आणि शेजारच्याला विचारलं, "मग आता नेमकं काय लिहायचं?" शेजारचा म्हणाला, "लिही, की मुलाला विचारायचं." कानवाल्या डॉक्टरांनी ते ऐकलं. बाईंजवळ येऊन ते हात जोडून म्हणाले, "बाई, मी एवढी वर्षं चुकीचं शिकवलं."

"मग आता बरोबर शिकवा की," बाई नाक पुसत म्हणाल्या. "आणि त्या कोठारातली खोकी तेवढी सरळ करून ठेवायला सांगा."

परत निघाले तेव्हा थांब्यावर सात नंबर आलेलीच होती. आजींना वर चढवलं, पेंटर चढले, बाई चढल्या. बसवर एक नवीन पोरगी कंडक्टर होती, नोकरीला लागून महिना झाला नसेल. बाईंना बघून ती सावरून उभी राहिली आणि सगळं नियमाप्रमाणे करायचं म्हणून तिनं घाईनं घंटीला हात घातला.

"थांब!" बाई ओरडल्या. "घंटी देऊ नकोस. माझी पोरगी राहिलीय खाली!"

सगळी बस मागे वळली. भिंगरी इस्पितळाच्या फाटकातून येत होती, पळत वगैरे अजिबात नाही. मध्येच थांबून कुणाला तरी हात करत होती, कुणाच्या तरी पोराचा गाल ओढत होती. एवढा वेळ लावला, की पुढून ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि एक प्रवासी म्हणाला, "आता किती वेळ?"

"येतेय ती," बाई म्हणाल्या. त्या मागच्या पायरीवर उभ्या होत्या, दांडी धरून, आणि हसत होत्या.

भिंगरी एकदाची चढली. बाईंच्या शेजारी बसली, खांद्यावर डोकं टाकलं. नव्या पोरीनं बाईंकडे बघून विचारलं, "देऊ?"

बाईंनी सवयीनं मान वळवली. मग मागे न बघताच म्हणाल्या, "दे."